भूक जागची हलली नाही

२३ एप्रिल २०२३. खार्टूममधून गाड्यांचा लांबलचक ताफा निघाला. आत सुमारे ७०० माणसं. संयुक्त राष्ट्रांचे, परदेशी संस्थांचे, वकिलातींचे कर्मचारी आणि त्यांची बायकामुलं. लाल समुद्राकाठच्या पोर्ट सुदानला पोचायला ३५ तास लागले.

मदत करणारे पोचले. ज्यांना मदत हवी होती, ते मागे राहिले.

आठवडाभर आधी, १५ एप्रिलला, युद्ध पेटलं होतं. एकीकडे लष्करप्रमुख अब्देल फताह अल बुऱ्हान. दुसरीकडे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) या निमलष्करी दलाचा म्होरक्या मोहम्मद हमदान दगालो, म्हणजेच हेमेदती. २०२१ मध्ये दोघांनी मिळून सत्ता बळकावली. मग आरएसएफ लष्करात कधी विलीन करायची आणि कुणाच्या हाताखाली, यावरून दोघांचं फाटलं. किंमत मोजतोय पाच कोटींचा देश.

पहिल्याच दिवशी उत्तर दारफुरमधल्या कबकाबियात जागतिक अन्न कार्यक्रमाचे तीन कर्मचारी मारले गेले. तेव्हा ‘का निघालात?’ असं कुणी विचारू नये. गोळीबारात उभं राहून धान्य वाटता येत नाही. मेलेला डॉक्टर कुणालाच बरं करत नाही.

विचारायचं ते वेगळंच. निघताना बरोबर काय नेलंत आणि मागे काय ठेवलंत?

सहीचा अधिकार नेला. गोदामं ठेवली.

गोदामांचं काय झालं, तेही ऐका. देशात ८० हजार टन धान्य होतं. मे महिना उजाडेपर्यंत त्यातलं सुमारे १७ हजार टन लुटलं गेल्याचा अंदाज जागतिक अन्न कार्यक्रमाने दिला. जूनच्या आरंभी एल ओबेद शहरातलं गोदाम फुटलं. तिथल्या साठ्यावर ४४ लाख लोकांचं पोट अवलंबून होतं. पोती उचलायला ट्रक लागतात, माणसं लागतात, वेळ लागतो. हे सगळं लुटारूंकडे होतं.

मदत पोचवणाऱ्यांकडे त्याच रस्त्यांवरून जायचा परवाना नव्हता.

आणि माणसं? परदेशी कर्मचारी निघाले, स्थानिक बहुतेक राहिले. ते कुठे जाणार? घर तिथं, म्हातारे आईबाप तिथं, मुलं तिथं. व्हिसासाठी पासपोर्ट वकिलातीत दिलेल्या सुदानी माणसांची तर दुहेरी कोंडी झाली. वकिलाती रात्रीतून रिकाम्या झाल्या आणि पासपोर्ट आत कुलूपबंद राहिले. अमेरिकी वकिलातीने तर ते नियमाप्रमाणे नष्ट केले. नियम कागदपत्रं चुकीच्या हाती पडू नयेत म्हणून होता.

ज्याचा पासपोर्ट, त्याच्या हातीही तो पडला नाही.

आपल्याला हे पोर्ट सुदान ओळखीचं आहे. ‘ऑपरेशन कावेरी’ आठवतं? आयएनएस सुमेधा याच बंदरातून २७८ भारतीयांना घेऊन जेद्दाला गेली. पुढे विमानं दिल्लीला उतरली, मुंबईलाही उतरली. सगळे मिळून ३,८६२ भारतीय परत आले. केनानाच्या साखर कारखान्यात कामाला गेलेली सांगलीकडची माणसं अडकल्याच्या बातम्यांनी तेव्हा आपली पानं भरली होती. नौदलाने आणि हवाई दलाने चोख काम केलं. घरच्यांच्या जिवात जीव आला.

आपली माणसं आली आणि आपल्यापुरता सुदान संपला. त्या आठवड्यानंतर किती मराठी पानांवर सुदान दिसला? तुम्हीच आठवून पाहा.

पोर्ट सुदानला मात्र सगळेच येऊन धडकले. लष्कराचं सरकार आलं, खाती आली, वकिलाती आल्या, मदतसंस्था आल्या आणि बोचकी घेऊन लाखो विस्थापित आले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. पाण्याची मारामार, विजेचा पत्ता नाही. घरभाडी अशी चढली की संस्थांना परवडेल ते घर विस्थापितांच्या हातून गेलं. शाळांच्या वर्गांत कुटुंबं राहू लागली.

ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या उत्तरेचं अरबात धरण पावसाने फुटलं. गावं वाहून गेली. शहराच्या गोड्या पाण्याचा मोठा आधार तोच होता.

मे २०२५ मध्ये ड्रोन आले. विमानतळ, इंधनाच्या टाक्या, हॉटेल, वीजकेंद्र, सगळ्यांवर हल्ले झाले. संयुक्त राष्ट्रांची मदतीची विमानं काही काळ जमिनीवर राहिली. दोन वर्षं ज्याला सुरक्षित ठिकाण म्हटलं, तिथे धुराचे लोट.

सुरक्षित म्हणजे नेमकं किती दिवस सुरक्षित?

हा धडा खरं तर आधीच मिळाला होता. वाद मदनी हे गेझिराच्या शेतीपट्ट्यातलं शहर. खार्टूममधून बाहेर पडलेल्या अनेक संस्थांनी तिथे दुसरं ठाणं मांडलं. पळून आलेल्या लाखो लोकांनीही तिथेच आसरा घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफ तिथे पोचली. काही दिवसांत सुमारे तीन लाख लोक पुन्हा रस्त्यावर आले. संस्थाही पुन्हा निघाल्या. मागे राहिलेल्या गोदामातून जवळपास १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल इतकं धान्य लुटलं गेलं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. गोदाम पाठीवर घेता येत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती ना बॉम्बची आहे, ना विजेची. ती आहे पत्त्याची.

मदतसंस्थेचं कार्यालय पोर्ट सुदानला गेलं, म्हणजे ते लढणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगणात गेलं. व्हिसा तो देणार. शहराबाहेर पडायचा परवाना तो देणार. ट्रकमध्ये काय भरलंय, कुठून जाणार, कुणाला देणार, सगळ्यावर शिक्का त्याच्या मानवतावादी मदत आयोगाचा. हा आयोग नावाने मानवतावादी आहे. आणि ज्या भागात तो शत्रू बघतो, त्या भागाचा शिक्का त्याच्या टेबलावर सर्वांत जास्त दिवस पडून राहतो.

पलीकडे हेमेदतीने आपली स्वतंत्र संस्था काढली. तिचेही परवाने, तिचीही नोंदणी, तिच्याही चौक्या. एका बाजूचा कागद दाखवला की दुसरी बाजू संशय घेते.

एका पोत्याला दोन मालक. खाणारा मात्र त्यांत कुठेच नाही.

११ मे २०२३ ला दोन्ही बाजूंनी जेद्दात सही करून सांगितलं होतं की नागरिकांना जपू, मदतीला वाट देऊ. त्या कागदावरची शाई कुठल्याही चौकीवर कुणी मानली नाही. मग त्यांना जाब विचारणार कोण?

ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? बोललं तर काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. संयुक्त राष्ट्रांचे दूत व्होल्कर पेर्थेस यांना जून २०२३ मध्ये ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवलं गेलं. सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबरात सुरक्षा परिषदेने त्यांची राजकीय मोहीमच गुंडाळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, देशात उपासमार टोकाला असताना, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना ७२ तासांत देश सोडायला सांगितलं गेलं.

बाकीचे अधिकारी यातून काय शिकले असतील? जीभ आवरायला.

अद्रेची गोष्ट तर प्रत्येक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापायला हवी होती. अद्रे हे चाडच्या सरहद्दीवरचं गाव. तिथून पश्चिम दारफुरची राजधानी जेनेना जेमतेम ३० किलोमीटर. पुण्याहून तळेगावला जावं इतकं अंतर. दारफुरमध्ये धान्य न्यायला याहून सरळ वाट नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने सांगितलं की उत्तर दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दर दोन तासांना एक मूल दगावत असावं. त्याच महिन्यात पोर्ट सुदानमधल्या सरकारने चाडमधून दारफुरमध्ये मदत नेण्यावर बंदी घातली. कारण दिलं, या वाटेने शस्त्रं येतात.

शस्त्रं येतच होती. थांबलं ते धान्य.

सरकारने उत्तरेकडची ‘तिने’ नावाची चौकी थोडी उघडली. पावसाळ्यात तिथल्या वाटा चिखलात बुडाल्या. १ ऑगस्टला तज्ज्ञांच्या समितीने झमझममध्ये दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. छावणीत तेव्हा सुमारे पाच लाख माणसं होती. दोन आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, अद्रेची वाट तीन महिन्यांसाठी उघडल्याचं सरकारने सांगितलं. तोवर ओढ्यांना पूर आले होते. त्याच महिन्यात मोर्नीचा पूलही कोसळला.

सहा महिने परवानगीची वाट पाहिली. परवानगी आली तेव्हा वाट राहिली नव्हती.

आणि तेही तीन महिने! मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुदतवाढ. पोट काय तीन-तीन महिन्यांच्या कराराने चालतं?

कायदा सांगतो की सरकारने मदतीला मनमानी नकार देऊ नये. मनमानी ठरवायची कुणी? सीरियाच्या बाबतीत २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून दमास्कसच्या संमतीशिवाय सरहद्दीपार मदत नेऊ दिली होती. म्हणजे रस्ता आहे, एकदा चाललेला आहे. सुदानसाठी त्या रस्त्यावर कुणी पाऊल ठेवलं नाही. मोठ्या देशांना तिथे आपलं कुणी अडकलेलं दिसत नव्हतं.

त्यांची माणसं तर पहिल्याच आठवड्यात निघाली होती.

आता लांबचा रस्ता पाहा. जून २०२५. पंधरा ट्रक पोर्ट सुदानहून निघालेले. आरएसएफच्या वेढ्यात अडकलेल्या एल फाशर शहराला वर्षभरात पोचणारा हा पहिला ताफा ठरणार होता. १,८०० किलोमीटर कापले. एल कोमाजवळ, एल फाशर ८० किलोमीटरवर असताना, ताफा रस्त्याच्या कडेला थांबला. पुढे जायची परवानगी यायची होती.

परवानगीआधी हल्ला आला. पाच जण मारले गेले. ट्रक जळाले. त्यांत लहान मुलांसाठीचा पोषण आहारही होता.

आता ‘दुरून कारभार’ म्हणजे काय, ते सांगतो. साहेब पोर्ट सुदानला किंवा नैरोबीला. काम करणारा दारफुरात. साहेबाला हवेत याद्या, अंगठे, पावत्या, वाटपाचे फोटो. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळपास सगळ्या देशाचं मोबाइल जाळं बंद पडलं, तेव्हाही अहवालाची तारीख तीच. नोटा मिळेनात, बँका लुटलेल्या, तरी हिशोब दमडीचा. देणगीदाराला विश्वास हवा, हे मान्य. पण विश्वास कागदावर आणि धोका माणसावर, ही वाटणी कुणी केली?

या वाटणीचे आकडे आहेत. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले. त्यांतले ६० सुदानमध्ये. गाझानंतर सर्वांत जास्त. मेलेल्यांत बहुतेक सगळे तिथलेच. त्यांच्यासाठी काळ्या काचांची गाडी नव्हती, विमान नव्हतं, तिसऱ्या देशातलं हॉटेल नव्हतं. पगारही साहेबाच्या पगाराच्या जवळपास फिरकणारा नव्हता.

संस्थांच्या भाषेत याला जोखीम हस्तांतर म्हणतात. मराठीत याला दुसऱ्याला पुढे ढकलणं म्हणतात.

सगळेच निघून गेले, असंही नाही. काही संस्थांची पथकं दारफुरात राहिली, दवाखाने चालवत राहिली. एप्रिल २०२५ मध्ये झमझमवर हल्ला झाला, तेव्हा ‘रिलीफ इंटरनॅशनल’च्या दवाखान्यातले नऊ कर्मचारी मारले गेले. छावणीत दवाखाना चालवणारे ते शेवटचे होते. राहिलेल्यांचं मोल सांगताना हात आखडता घेऊ नये.

पण खरा गाडा ओढला कुणी?

वस्तीतल्या पोरापोरींनी. २०१८-१९ मध्ये ओमर अल बशीरची राजवट उलथवताना मोहल्ल्यामोहल्ल्यांत ज्या समित्या उभ्या राहिल्या, त्यांतूनच युद्ध पेटल्यावर ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ निघाल्या. शिक्षक, इंजिनिअर, मेडिकलचे विद्यार्थी, गृहिणी. कुणी जखमींना हलवलं, कुणी पाण्याचा पंप दुरुस्त केला, कुणी बलात्कारातून वाचलेल्या बायकांसाठी औषधं मिळवली. आणि गल्लीगल्लीत तकाया पेटवल्या. तकाया म्हणजे सार्वजनिक चुली. मोठ्या पातेल्यात मसूर, ‘फूल’ नावाचं राजम्यासारखं कडधान्य, जे मिळेल ते. भांडं घेऊन या, भरून घेऊन जा.

सुदानीत याला ‘नफीर’ म्हणतात. हाक आली की सगळ्यांनी धावायचं. आपल्याकडे एकाच्या शेतावर सगळं गाव नांगर घेऊन जायचं, त्याला इर्जिक म्हणत. ज्याने इर्जिक पाहिलीय, त्याला नफीर समजावून सांगावी लागत नाही.

या मुलांना पैसे कसे पोचत? बँक ऑफ खार्टूमच्या ‘बंकक’ ॲपवर. परदेशातला भाऊ पाठवी, मामा पाठवी. जाळं गेलं तर कुणाच्या तरी स्टारलिंकच्या डबीजवळ रांग लावून. ताफा नाही, शिक्का नाही, ३५ तास नाहीत. पैसे संध्याकाळी आले की सकाळी पातेलं चढलं.

मग जगाने पैसे थेट यांनाच का दिले नाहीत?

कारण यांची नोंदणी नाही. लेखापरीक्षण नाही. तीन कोटेशन नाहीत. ज्या बाजारात एकच दुकान उघडं आहे आणि त्याच्या शटरला गोळ्यांची भोकं आहेत, तिथे तीन कोटेशन आणणार कुठून? २०१६ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी शब्द दिला होता. मदतीच्या पैशातला किमान २५ टक्के वाटा २०२० पर्यंत स्थानिकांच्या हाती, शक्य तितका थेट देऊ. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

शब्द देणारे तेच, पैसे अडवणारेही तेच.

काही पैसा तरीही वाट काढून पोचत होता. त्यात मोठा भाग अमेरिकेचा होता. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत गोठवली. काही आठवड्यांत १,१०० हून अधिक चुली विझल्या. एकूण चुलींच्या सुमारे ८० टक्के. एक सही झाली आणि हजारो मैलांवर पातेली उपडी झाली. बॉम्बने इतक्या चुली इतक्या झटपट विझवल्या नव्हत्या.

त्याच वर्षी या तरुणांना नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार मिळाला, स्वीडनचा ‘राइट लाइव्हलीहुड’ मिळाला. मिळायलाच हवे होते. पण दोन्ही बाजूंचे सैनिक त्यांना हेर म्हणून उचलत होते, कोंडत होते, मारत होते. त्यांच्या जिवासाठी जो दबाव आणायला हवा होता, तो कुणी आणला?

परदेशी अधिकाऱ्याला ७२ तास मिळतात. यांना ७२ सेकंदही मिळत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतलं. आता संस्था जुन्या कार्यालयांकडे पाहू लागल्या आहेत. परतणार असाल तर मोकळ्या हाताने परतू नका. तुम्ही नव्हता तेव्हा ज्यांनी तुमचा मोहल्ला जगवला, त्यांच्याकडे आधी जा. कोण विधवा झाली, कुठल्या विहिरीत पाणी आहे, कुठल्या गल्लीत सुरुंग आहेत, हे त्यांना पाठ आहे. नव्या पाहणीवर पैसा उधळण्याआधी त्यांना विचारा. जमलं तर त्यांच्या उधाऱ्याही फेडा. वाण्याकडून मसूर त्यांनी स्वतःच्या नावावर उचलली होती.

आणि परवाने? ते एकेकट्या संस्थेने एकेका कारकुनाकडे मागायचे दिवस संपवा. सगळ्या संस्था आणि देणगीदार देश एका आवाजात बोलले, तर पोर्ट सुदानचा आयोगही ऐकेल आणि हेमेदतीची माणसंही ऐकतील. आजवर प्रत्येकाने आपापल्या ट्रकपुरतं जमवलं आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्यावरच दोघांचा धंदा चाललाय.

२६ ऑक्टोबर २०२५ ला एल फाशर पडलं. वेढा ५०० दिवसांहून जास्त चालला होता. शेवटी शेवटी लोक शेंगदाण्याची पेंड, जनावरांचा चारा खात होते. सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याच्या वृत्ताने जागतिक आरोग्य संघटना हादरली. जे सुटले, ते रात्रीचे, पायी, सुमारे ६० किलोमीटरवरच्या तवीलाकडे निघाले. वाटेत लुटले गेले, गोळ्या झेलल्या, मुलं हरवली.

तवीलाच्या वेशीवर डॉक्टरांनी तपासणीचा तंबू टाकला होता. गावात स्वयंसेवकांनी चुली लावल्या होत्या. त्यांतले कित्येक जण आधी झमझममधून, त्याआधी आणखी कुठून तरी असेच पायी आलेले होते.

त्यांना तिथून हलवायला कुणीच आलं नव्हतं.